उडणारे टिलवे, चिखले आणि तुताऱ्या: फोटो काढणं आणि शार्प करणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात रविवारी सकाळी बडोद्याजवळच्या वढवाण्याच्या तळ्याच्या पाळीवर गेलं की शहरातल्या दांडिया बाजारातले निम्मे ओळखीचे चेहरे तिथेच भेटतात. गाठ पडली की तेच दहा-पंधरा प्रश्न निघतात आणि मी अर्धवट उत्तरं देऊन पळतो, कारण नेमकं तेवढ्यात काहीतरी उडतं. म्हणून एकदा निवांत बसून लिहून ठेवतोय. कॅमेऱ्याच्या कंपनीवरून वाद घालायचा असेल तर तो सेव-उसळीच्या टेबलावर घालू, इथे नको.

छोटे पाणपक्षी म्हणजे नेमके कोणते?

चिखलाच्या कडेने तुरुतुरु पळणारे, चिमणीपेक्षा थोडे लहान ते बरेच मोठे. छोटा टिलवा हा त्यातला सगळ्यात अवघड. लांबी १२ ते १४ सेंमी, वजन साधारण २० ते ३० ग्रॅम, आणि हा जीव आर्क्टिकच्या टुंड्रातून आपल्याकडे हिवाळा काढायला येतो. त्याच्या बरोबरीने टेमिंकचा टिलवा, कंठेरी चिखल्या, केंटिश चिखल्या, सामान्य तुतारी, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी. पाणलावाही त्यातच, पण तो पायाखालून उठतो आणि वेडावाकडा पळतो. त्याचा उडतानाचा चांगला फोटो मिळाला तर पेढे वाटा.

बडोद्याजवळ कुठे जायचं आणि कधी?

पहिलं नाव वढवाणा. डभोईजवळचं हे तळं गायकवाडी राज्यात १९१० साली सिंचनासाठी बांधलं गेलं आणि २०२१ साली रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आलं. शेतीला पाणी सोडायला लागले की पातळी उतरते, काठाला ओला चिखल उघडा पडतो आणि आपले पाहुणे तिथे उतरतात. त्यामुळे तळं तुडुंब भरलेलं असताना बदकं पाहायची आणि उतरलेलं असताना टिलवे. शहराजवळ टिंबीचं तळंही आहे. आजवाही आहे, पण तिथे काठ पाहूनच बसा.

पहिले पाहुणे ऑगस्टअखेर-सप्टेंबरात येतात, शेवटचे एप्रिल-मेपर्यंत रेंगाळतात. फोटो काढणारे सगळे डिसेंबर-जानेवारीत तळ्यावर जातात. माझं मन मात्र मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये असतं, कारण तेव्हा टिलव्यांच्या अंगावर विणीच्या हंगामाचा तांबूस रंग चढायला लागतो. ऊन लवकर तापतं एवढाच तोटा.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य साधारण ७.२० ला उगवतो. आठ ते साडेनऊ हीच खरी वेळ. साडेदहानंतर कॅमेरा बॅगेत टाकून दुर्बिणीने पक्षी पाहावेत. का ते पुढे येईलच.

समुद्राकडे गेलं तर?

कावी-कंबोईच्या बाजूला खंभातच्या आखाताचा चिखल आहे आणि तिथे तळ्यावर न दिसणारे पक्षीही भेटतात. पण या आखातातली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. भरतीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघू नका. भरती चढत असताना पाणीच पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं, तेव्हा आपण कोरड्या काठावर बसून राहायचं. ओहोटीत त्यांच्या मागे चिखलात उतरायचं नाही. तो चिखल पाय सोडत नाही.

काठावर आडवं पडून फोटो काढतात ते आपल्याकडे चालतं का?

चालतं, पण आधी मगरीची चौकशी करा. मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीच्या गावात राहून हे वेगळं सांगायची गरज पडू नये. शेतकरी, कोळी किंवा चौकीवरचा माणूस जिथे नाही म्हणेल तिथे आडवं पडायचं नाही.

आडवं पडण्याचा फायदा मोठा आहे. लेन्स पाण्याच्या पातळीला आली की मागचा काठ लांब जातो, पार्श्वभूमी विरघळते आणि पक्षी सुटून दिसतो. बसलेल्या पक्ष्यासाठी हे उत्तमच. उडणाऱ्यासाठी मात्र मी मांडी घालून बसतो, कारण पोटावर पडून कंबर वळत नाही. कंबर वळली नाही तर लेन्स वळत नाही, आणि लेन्स वळली नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

जाता जाता: लेन्सखाली ठेवायच्या पिशवीत मूग भरू नका. माझी एकदा भिजली, मी ती गाडीत विसरलो आणि चार दिवसांनी मुगांना छान मोड आले होते. घरी उसळ कर म्हणाले.

लेन्स केवढी हवी?

क्रॉप (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर ४०० मिमी पुरते, ५००-६०० असेल तर सुख. १५०-६०० च्या झूम बहुतेकांकडे असतात आणि त्या चांगल्या आहेत, फक्त ६०० वर थोड्या मऊ पडतात. त्यामुळे ५०० ते ५५० च्या आसपास थांबा आणि शक्य असेल तर ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एक तृतीयांश स्टॉप (किंचितच) बंद करा. टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं जास्तीचं भिंग) उडणाऱ्या टिलव्यावर लावू नका. उजेडही जातो आणि फोकसही.

शटर किती ठेवायचं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. छोटं उत्तर: टिलवा-चिखल्याला १/३२०० सेकंद, तुतारीला १/२५००, शेकाट्याला १/१६०० सुद्धा चालेल.

मोठं उत्तर जरा हिशोब करून देतो, कारण नुसतं शटर वाढवून काम होत नाही हे आकड्यांशिवाय पटत नाही. धरू की टिलवा आपल्यासमोरून आडवा, सेकंदाला १० मीटर वेगाने चाललाय. अंतर २० मीटर, लेन्स ५०० मिमी. १/२००० सेकंदात तो ५ मिलिमीटर पुढे सरकतो. लेन्स त्याला चाळीस पटींनी लहान करून सेन्सरवर टाकते, म्हणजे सेन्सरवरचं सरकणं ०.१२५ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर हे झाले जवळजवळ ३२ पिक्सेल. अख्खा टिलवा त्या फोटोत ८३० पिक्सेलच्या आसपास असतो. त्यात ३२ पिक्सेलचा फराटा म्हणजे डोळा, चोच, पिसं सगळं पुसलं. शटर १/४००० केलं तरी १६ पिक्सेल उरतातच.

मग लोकांचे फोटो शार्प येतात कसे? त्यांची लेन्स पक्ष्याबरोबर फिरत असते म्हणून. पक्षी फ्रेममध्ये एका जागी धरून ठेवला की तो सेन्सरच्या दृष्टीने जवळपास थांबलेलाच असतो, आणि वेगवान शटर फक्त तुमच्या हाताची चूक आणि पंखांची फडफड सांभाळतं. म्हणून लेन्स फिरवायचा सराव आधी, शटर नंतर. पाय थोडे फाकवून, कोपर बरगडीला टेकवून, कंबरेतून वळायचं. क्रिकेटमध्ये चेंडू मारल्यावरही बॅट पुढे जाते तसं बटण सोडल्यावरही लेन्स फिरत राहिली पाहिजे. नवशिक्यांचा पहिला फोटो बरा असतो आणि शेवटचा हललेला, कारण ते बटण सोडायच्या आधीच थांबतात.

पंखांची टोकं किंचित हलली तर वाईट वाटून घेऊ नका. डोळा कडक असला की पुरे. सगळंच गोठवलेला टिलवा मला तरी काचेच्या कपाटातल्या पेंढा भरलेल्या पक्ष्यासारखा दिसतो.

सराव कशावर करायचा?

सुरसागर तळ्यावरच्या कबुतरांवर, पारव्यांवर, गायबगळ्यांवर. मग तळ्यावर शेकाट्या, मग टिटवी, मग ठिपकेवाली तुतारी, मग चिखल्या, आणि टिलवा सगळ्यात शेवटी. ज्यांनी थेट टिलव्यापासून सुरुवात केली त्यांचे कॅमेरे आता पुन्हा लग्नकार्यात दिसतात.

एक्स्पोजर ऑटो की मॅन्युअल?

मॅन्युअल. पक्षी उडताना कधी पाण्यावरून जातो, कधी काळ्या पाळीसमोरून, कधी आकाशावरून. मागचं बदललं की ऑटो गडबडतं. पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र बदललेलं नसतं. म्हणून उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या बगळ्यावर किंवा शेकाट्याच्या पांढऱ्या पोटावर एक्स्पोजर ठरवा, पांढरं जळत नाही एवढं पाहा आणि मग हात लावू नका. सकाळी साडेआठच्या स्वच्छ उन्हात १/३२०० आणि एफ ६.३ (ॲपर्चरचा आकडा) ला आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० ते १६०० मध्ये बसते. ढग आला तर आयएसओ वाढवा, शटर उतरवू नका. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढता येतो, फराटा निघत नाही.

फोकस पकडतच नाही, पाण्यावरच जातो.

तीन गोष्टी बघा.

लेन्सवर फोकस लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण) असेल तर तो लांबच्या बाजूला लावा. नाहीतर एकदा पक्षी सुटला की लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, आणि तोवर टिलवा डभोई ओलांडतो.

दुसरं, पक्षी लांब असतानाच फोकस धरायला सुरुवात करा. फ्रेममध्ये तो मोहरीएवढा दिसत असला तरी चालेल. बटण मात्र जवळ आल्यावर दाबा. जवळ आलेल्या पक्ष्याला ऐनवेळी पकडायला जाणं म्हणजे धावत्या बसच्या मागे पळणं.

तिसरं, कंटिन्युअस फोकस मोड आणि चार-पाच बिंदूंचा गट. एकच बिंदू उडत्या टिलव्यावर ठेवणं कोणाला जमत असेल तर त्यांना नमस्कार. नव्या मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय आहे आणि ती आकाशावर कमाल चालते. चकाकत्या लाटांवर मात्र तीही फसते, कारण प्रत्येक लाटेची चमक तिला डोळ्यासारखी वाटते. तिथे लहान चौकोनातच ओळखायला सांगा. फोकस चिकटून राहण्याची सेटिंग असेल तर ती जरा जास्त ठेवा, म्हणजे मध्ये एखादं गवत आलं तरी लेन्स लगेच त्याच्या मागे जात नाही.

फोकसच्या खोलीचाही अंदाज असू द्या. ५०० मिमी, एफ ६.३ आणि २० मीटरला शार्प पट्टा जेमतेम ४० सेंमीचा, आणि पूर्ण मोठं करून पाहिलं तर त्याच्याही निम्म्याने कमी. एकट्या टिलव्याला तो पुरतो. थव्याला पुरत नाही, म्हणून थव्यासाठी एफ ८ ते ११.

पक्षी उडणार हे आधी कसं कळतं?

बघत राहिलं की कळतं. चिखल्या डोकं वर-खाली करायला लागतो. तुतारी शेपूट हलवतच असते, पण उडायच्या आधी क्षणभर थांबते आणि अंग आखडते. पंख ताणून अंग झटकणाऱ्या टिलव्याकडे लक्ष ठेवा. थवा एकदम चिडीचूप झाला तर वर पाहा, भोवत्या, म्हणजे हॅरियर, आलेला असतो. मग पाच सेकंदांत सगळा काठ उठतो, पाण्यावर दोन फेऱ्या मारतो आणि बहुतेक वेळा जिथून उठला तिथेच जवळपास उतरतो. पहिल्या फेरीला अंदाज घ्या, दुसऱ्या फेरीला फोटो.

वारा विसरू नका. उडताना आणि उतरताना पक्षी वाऱ्याकडे तोंड करतात. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तोंड दाखवत येतील. वारा समोरून असेल तर शेपट्या मिळतील. हिवाळ्याच्या सकाळी मी पूर्वेच्या काठाला बसतो. पाठ उन्हाला, आणि उत्तरेकडचा वारा असला तर पक्षी निदान बाजूने तरी दिसतो.

सामान्य तुतारी हे तर घरचं गणित आहे. ती पाण्याला लागून, पंख खाली ठेवून, थरथरत एक अर्धवर्तुळ घेते आणि थोडं पुढे त्याच काठाला येऊन बसते. कुठे बसणार ते दोनदा पाहा, तिसऱ्यांदा तिथे फोकस लावून ठेवा.

टाळी वाजवून किंवा खडा टाकून उडवले तर?

नाही. हजारो किलोमीटर उडून आलेला २५ ग्रॅमचा पक्षी दिवसभर खाऊन परतीची चरबी साठवत असतो. तुमच्या एका फोटोसाठी त्याने ती जाळायची नाही. आणि स्वार्थाचंच बोलायचं तर हाकललेला पक्षी नेहमी तुमच्यापासून लांब उडतो, म्हणजे परत शेपूटच.

हे मला एका शेतकरीभाईंनी शिकवलं. मी थव्याच्या दिशेने सरकत होतो, थवा उठला, मी आणखी सरकलो, तो आणखी लांब गेला. ते पाटाचं पाणी वळवत होते. फावडं टेकवून म्हणाले, "बेसी रहो, पाछां आवशे." म्हणजे बसून राहा, परत येतील. बसलो. चाळीस मिनिटं गेली, पाय झोपला. मग टिलवे एकेक करून आले आणि माझ्यापासून बारा-तेरा मीटरवर चिखल टोचायला लागले. त्या सकाळी काढलेला एक फोटो अजून भिंतीवर आहे.

सगळं बरोबर केलं तरी फोटो सॉफ्ट येतो. का?

सॉफ्ट हा एक रोग नाही, चार आहेत, आणि औषध वेगवेगळं आहे. फोटो शंभर टक्क्यांवर मोठा करा आणि आधी निदान करा.

डोळ्यातली चमक पाहा. तिचा ठिपका असेल तर ठीक. ठिपक्याची रेघ झाली असेल तर पक्षी किंवा हात हललाय. चोचीतून उडालेल्या पाण्याच्या थेंबांनाही शेपट्या आलेल्या दिसतील, आणि सगळ्यांची दिशा एकच असेल.

डोळा मऊ, पण पुढची किंवा मागची लाट कडक दिसते? फोकस चुकलाय. प्रत्येक फोटोत एकाच बाजूला चुकत असेल तर लेन्स-कॅमेऱ्याची जुळणी तपासा. कधी पुढे कधी मागे होत असेल तर दोष हाताचा.

काहीच कडक नाही, पण रेघही नाही, कडा पाण्यात पाहिल्यासारख्या वाकड्या, आणि बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या, दोन लागोपाठच्या फोटोंत चोचीचा आकार वेगळा? ती तापलेली हवा. याला ना कॅमेरा जबाबदार ना तुम्ही.

आणि चौथा रोग, पक्षी तसा शार्प, फक्त कणाकणांनी भरलेला. तो नॉइज, म्हणजे बहुतेक वेळा कमी एक्स्पोजर करून नंतर उजळवलेला फोटो.

या चारांत शार्पनिंगचा खरा उपयोग होतो तो फक्त किंचित मऊ फोकसला आणि नॉइज काढून झाल्यावर. पहिल्या तिघांचे वाईट नमुने सरळ उडवा. मी एका सकाळचे हजारेक फोटो घरी आणतो, संध्याकाळी साठ उरतात, रात्री दहा. शार्पनिंगमधला सगळ्यात मोठा निर्णय डिलीटच्या बटणावर होतो.

तापलेल्या हवेवर काहीच उपाय नाही?

लवकर जा, जवळचा पक्षी घ्या आणि कोरड्या, तापलेल्या मातीच्या वरून लांबचा फोटो काढू नका. ओला चिखल आणि पाणी सकाळी थंड असतं, कोरडी पाळ आधी तापते. गाडीच्या खिडकीतून काढत असाल तर इंजिन बंद. बॉनेटवरून उठणारी गरम हवाही पुरेशी असते. लेन्सच्या लांब हूडमध्ये अडकलेली गरम हवासुद्धा कधीकधी त्रास देते.

इलेक्ट्रॉनिक शटर वापरू का?

कॅमेऱ्यावर अवलंबून. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, वाचन संथ असेल तर तेवढ्यात पंख पुढे जातो आणि केळ्यासारखा वाकडा दिसतो. फार वेगाने वाचणारे सेन्सर असलेल्या महागड्या कॅमेऱ्यांत हा त्रास जवळजवळ नाही. बाकीच्यांनी मेकॅनिकल वापरावं. स्टॅबिलायझेशन इतक्या वेगाला बंद, किंवा स्पोर्ट मोडमध्ये.

शार्पनिंग म्हणजे नक्की काय होतं?

गडद आणि उजळ यांच्या सीमेवर गडद आणखी गडद, उजळ आणखी उजळ केलं जातं. बस. नवीन तपशील येत नाही, असलेला ठळक होतो. फिल्मच्या काळात डार्करूममध्ये निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली प्रत तिच्यावर ठेवून प्रिंट काढायचे, तेव्हापासून याला अनशार्प मास्क म्हणतात. नाव गोंधळात टाकतं, पण त्यातला 'अनशार्प' ती धूसर प्रत आहे.

सुरीला धार लावतात तसंच आहे हे. पातं चांगलं असेल तर दोन हात पुरतात.

क्रम काय ठेवायचा? स्लायडर किती?

आधी नॉइज, मग शार्पनिंग. उलटं केलं तर नॉइजच शार्प होतो. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये २०२३ पासून आलेला एआय डीनॉइज रॉ फोटोवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलवर, चांगला आहे. तो चालवला की पुढचं शार्पनिंग कमी ठेवा, कारण कडा आधीच स्वच्छ झालेल्या असतात.

लाइटरूम रॉ फोटोला आपोआप अमाउंट ४०, रेडियस १, डीटेल २५, मास्किंग ० लावतो. छोट्या पाणपक्ष्यासाठी यातला सर्वांत महत्त्वाचा स्लायडर मास्किंग आहे, आणि नेमका तोच शून्यावर असतो. ऑल्ट दाबून धरून तो ओढा. पडदा काळा-पांढरा होतो आणि जे पांढरं तेच शार्प होणार. पाणी आणि आकाश पूर्ण काळं होऊन पक्ष्याची बाह्यरेषा, डोळा आणि पाठीवरच्या पिसांच्या कडा उरल्या की थांबा. स्वच्छ पार्श्वभूमीवर हा आकडा बहुधा ७० ते ८५ मध्ये येतो.

रेडियस (कडेभोवतीचा किती रुंद पट्टा ठळक करायचा) ०.७ ते ०.९. टिलव्याची पिसं बारीक असतात. रेडियस मोठा केला की दोन पिसांमधली फट भरते आणि पाठ लोकरीची दिसते. अमाउंट ५० ते ७०. डीटेल कमी आयएसओला ३५, जास्तीला १५.

मग सिलेक्ट सब्जेक्टने फक्त पक्ष्याचा मास्क करा. डोळा आणि चेहऱ्यावर थोडा टेक्स्चर, पोटाच्या पांढऱ्याला काही नको. पार्श्वभूमीवर उलटा मास्क करून शार्पनेस उणे करा. क्लॅरिटी पक्ष्यापासून लांब ठेवा. एवढ्याशा पक्ष्याला ती मळकट करते.

मुद्दाम हळू जा, आणि अधूनमधून उठून चहा घ्या. दहा मिनिटं शार्पनिंगकडे पाहिलं की डोळ्याला सगळंच मऊ वाटतं.

जास्त झालं हे कसं ओळखायचं?

पक्ष्याच्या बाह्यरेषेला पांढरी किनार दिसते. मी एका हौशी प्रदर्शनात बारा बाय अठरा इंचांचा चिखल्या लावला होता. स्क्रीनवर मला फार आवडलेला. एक मावशी चष्मा पुढे ओढून जवळ गेल्या, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ह्याला काठपदर का लावलायस रे?" बघितलं तर खरंच, पोटापासून शेपटीपर्यंत सुबक पांढरा काठ. तेव्हापासून मी शेवटी एकदा फोटो दोनशे टक्क्यांवर नेऊन फक्त काठपदर शोधतो.

आणखी खुणा म्हणजे चोचीला दुहेरी कड, डोळ्याभोवती काजळ फासल्यासारखं काळं, पाण्यावर वाळूचे दाणे. ओळखीच्या खुणाही बिघडतात. कंठेरी चिखल्याच्या पंखावर उडताना पांढरी पट्टी जवळजवळ नसते, केंटिशच्या पंखावर ती स्पष्ट असते. भडक शार्पनिंगने कंठेरीच्या पंखावर पट्टी उमटवून वाद घातलेला मी पाहिलाय. उलट नॉइज जास्त काढला की छोट्या टिलव्याच्या पाठीवरची फिकट इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण पुसली जाते.

एआयने शार्प करणारी सॉफ्टवेअर वापरावीत का?

थोडासा मऊ फोटो सावरायला हरकत नाही, अमाउंट अर्ध्यावर ठेवून. फार हललेल्या फोटोवर ती नसलेली पिसं स्वतः काढतात, आणि टिलव्याला पोपटाची पिसं मिळतात. नोंदीसाठी किंवा स्पर्धेसाठी फोटो देणार असाल तर मूळ रॉ जपून ठेवा, मागतात.

जेपीईजी चालेल का?

चालेल, पण कॅमेऱ्यातलं शार्पनिंग कमी करून ठेवा. ते आधीच भाजून आलेलं असतं, पुन्हा भाजता येत नाही.

फुकट सॉफ्टवेअर?

रॉथेरपी, डार्कटेबल, गिम्प. रॉथेरपीमधलं कॅप्चर शार्पनिंग लेन्सचा मऊपणा काढायला फार छान आहे. सुरुवात त्यानेच करा, पैसे पेट्रोलला ठेवा.

व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवर टाकला की फोटो मऊ का दिसतो?

कारण ते तो पुन्हा लहान करतात आणि दाबतात. आधी स्वतःच क्रॉप करा. वर सांगितलेला ८३० पिक्सेलचा टिलवा २४०० पिक्सेल रुंदीच्या क्रॉपमध्ये एक तृतीयांश जागा घेतो, ते छान दिसतं. मग फोटो १६०० किंवा २०४८ पिक्सेलला आणा आणि लहान केल्यावर हलकं शार्पनिंग पुन्हा एकदा द्या. लहान करताना कडा मऊ होतात, ते भरून काढायला एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रिंटसाठी वेगळं शार्पनिंग लागतं का?

लागतं, आणि ते कागदावर अवलंबून असतं. ग्लॉसीवर शाई वर राहते, म्हणून थोडंच पुरतं. मॅटमध्ये शाई मुरते, तिथे स्क्रीनवर जरा जास्त वाटेल एवढं लागतं. बारा बाय अठराला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ५४०० बाय ३६०० पिक्सेल हवेत. २४०० चा क्रॉप तिथे ताणू नका, आठ बाय बारावर समाधान माना. तिथेही २०० डीपीआयच मिळतात, पण हाताच्या अंतरावरून चालून जातं.

लॅबला आख्खा फोटो द्यायच्या आधी पक्ष्याचं डोकं आणि पाठ येईल अशी चार इंची पट्टी तीन वेगवेगळ्या शार्पनिंगने एकाच कागदावर छापून घ्या आणि मागे पेन्सिलने आकडे लिहून ठेवा. ती पट्टी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्यात भडक पट्टीच आवडते.